नागोठण्याचा हिरवा चौकोन

तेव्हा माझा फोन दिवसभर वाजायचा. माणसांचे फोन कमीच. जे काही वाजायचं ते सर्व्हरचे मेसेज.

पेणमधल्या एका छोट्या फर्ममध्ये मी कामाला होते. अजूनही आहे. ऑफिस गणपतीच्या कारखान्याच्या वर. खालून रंगाचा वास यायचा आणि पावसाळ्यात मूर्ती वाळवायला लावलेल्या पंख्यांची घरघर जमिनीतून पायांना जाणवायची. ऑफिसात आम्ही दोघंच, सर आणि मी. सर माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. धाटावच्या एका कारखान्यात त्यांनी कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं काढली होती, मग नोकरी सोडून हे ऑफिस थाटलं. लोकांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळायचे, बिघडायच्या आत बिघाड ओळखायचा, हे आमचं काम.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे औषधांचा घाऊक धंदा करणारे एक शेठ. पेण, नागोठणे आणि रोहा, तिन्ही ठिकाणी त्यांच्या कोल्ड रूम होत्या. इन्सुलिन, लशी, सापाच्या विषावरची इंजेक्शनं, थंडच ठेवावा लागतो असा माल. प्रत्येक ठिकाणी दोन सर्व्हर. एकावर बिलं आणि साठ्याचा हिशेब, दुसऱ्याला कोल्ड रूममधले तापमानाचे सेन्सर जोडलेले. हे सगळे सर्व्हर आपापली तपासणी आपापली करायचे आणि काही खटकलं की आपापला मेसेज पाठवायचे. रोह्याला लाइट गेली की मेसेज. इनव्हर्टर चालू झाला की मेसेज. नेट गेलं की सर्व्हरला लावलेल्या सिमवरून मेसेज, आलं की मेसेज. कुणी माल काढायला दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की तापमान वाढल्याचा मेसेज.

मी भाकरी थापत असले तरी हात पुसून फोन बघायची. सासूबाई म्हणायच्या, “त्याला काय झालंय गो? तान्ह्या पोरासारखा रडतोय सारखा.”

नवरा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये. तो दिवसा झोपलेला असला की मी फोन उशीखाली दाबून ठेवायची आणि मग उशी थरथरली का, हे बघत बसायची. छातीत धडधडायला लागलं ते तेव्हापासून. आधी मला वाटलं, जिने चढून होत असेल. पण बसल्या जागीही व्हायचं. मेसेज आला की व्हायचं आणि बराच वेळ आला नाही तरी व्हायचं.

शंभरातले नव्वद मेसेज बिनकामाचे असत, हे सरांनाही दिसत होतं. खरं भय त्याचंच होतं. रोज खोटं ओरडणाऱ्यांत एखादा खरा ओरडला तर तो ओळखायचा कसा? एक दिवस सरांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाले, “हे असं नाय चालायचं. सगळ्यांचं म्हणणं एका जागी आणू. तिथंच ठरवू, कधी ओरडायचं ते.”

मग आम्ही पेणच्या ऑफिसात एक मधला सर्व्हर उभा केला. तिन्ही ठिकाणचे सगळे सर्व्हर आपापल्या तपासणीचं उत्तर त्याच्याकडे पाठवणार. तो ती उत्तरं एकत्र करणार आणि एकेका ठिकाणाचा एकच निकाल देणार. एक सेन्सर वाढीव तापमान दाखवतोय, पण शेजारचा ठीक आहे? मग बहुतेक दार उघडं असेल, थोडं थांबा. दोन्ही वाढलेत? मग ओरडा. लाइट गेली पण जनरेटर चालू आहे? गप्प बसा. भिंतीवरच्या स्क्रीनवर फक्त तीन चौकोन: पेण, नागोठणे, रोहा. सगळं ठीक असलं की हिरवा, काही खटकत असलं की पिवळा, माल धोक्यात असला की लाल. शेठच्या मोबाइलवरही तेच तीन चौकोन. ते भलतेच खूश झाले. “आता कसं झ्याक झालं!” म्हणाले.

फोन एकदम थंड पडला. सासूबाईंनाही ते जाणवलं. माझी धडधड मात्र वाढली.

याचं कारण मला कुणाला सांगता येत नव्हतं. पूर्वी रोह्याची लाइट गेली की मला कळायचं, आल्याचंही कळायचं. त्रास होता, पण त्या गोंगाटात तिन्ही गावं जागी आहेत एवढं तरी समजायचं. आता नुसता हिरवा चौकोन. मी ऑफिसात येऊन आधी स्क्रीन बघायची, आणि हिरवा दिसला तरी आत शिरून एकेका सर्व्हरचे आकडे उघडून बघायची. सर एकदा म्हणाले, “हिरवं हाय ना? मग कशाला खणत बसतेस?”

“सवय हो सर.”

“सवय नाय ती. भीती हाय तुझी.”

ते चिडून नव्हते म्हणाले. पण मला लागलं, कारण खरं होतं.

जुलैत लावणीच्या दिवसांत पाऊस असा लागला की दोन दिवस उघडीपच नव्हती. माझं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूला. आईचा फोन आला की ती आधी सांगायची, भाताच्या रोपांचं आवण किती उपटून झालं, बांधावरून पाणी कसं चाललंय आणि गवतात फुरशी किती निघालीत. फुरसं म्हणजे हातभर लांबीचा साप, दगडाच्या रंगाचा, पायाखाली येईस्तोवर दिसत नाही. लावणीत दरवर्षी कुणाला ना कुणाला चावतंच.

त्या दिवशी दुपारी मी डबा खाऊन हात धुतले आणि सवयीनं नागोठण्याचे आकडे उघडले. चौकोन हिरवा होता. कोल्ड रूमचं तापमान चार पूर्णांक सहा. मी खिडकी बंद करणार होते, पण थांबले. सकाळी आल्या आल्या पाहिलं होतं तेव्हाही चार पूर्णांक सहाच होतं. रोह्याचा आलेख पाहिला. तो नेहमीसारखा नागमोडी, थंड करणारं मशीन चालू झालं की खाली, बंद पडलं की वर. नागोठण्याची रेघ सकाळपासून फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. दुसऱ्या सेन्सरचीही तशीच. डिस्क, वीज, जनरेटर, सगळी उत्तरं ‘ठीक’, आणि सकाळपासून एकही बदललेलं नाही.

चालू मशीनची रेघ अशी सरळ राहत नाही.

तिथल्या कोल्ड रूमवर एक मावशी होत्या. स्टोअर त्याच बघायच्या. मी त्यांना फोन लावला. बंद. शेजारच्या दुकानाचा नंबर होता, तोही लागेना. “सर, जरा इकडे या,” मी म्हटलं. 

सर उभ्यानंच वाकून बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले.  म्हणाले, “नवीन उत्तर येतच नाय तिकडून. आपला सर्व्हर शेवटचं आलेलं उत्तर धरून बसलाय. ते ठीक होतं, म्हणून हिरवं.”

“म्हणजे आत्ता काय हाय तिकडं?”

“आत्ताचं काय माहीत!”

नेट गेल्यावर रोह्याकडून पूर्वी तसा मेसेज यायचा, कारण तेव्हा प्रत्येक सर्व्हर स्वतःच बोंब मारायचा, आणि नेट परत आलं की तुंबलेलं सगळं सांगून मोकळा व्हायचा. आता बोलायचं काम मधल्याचं, आणि समोरचा गप्प झाला तर काय समजायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आम्ही हे बोलत होतो तोवर माझा फोन वाजला. शेठ होते.

रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यातून त्यांना फोन आला होता. शेतात लावणी करताना एका बाईला साप चावला होता. दवाखान्यात होती ती इंजेक्शनं देऊन झाली होती, आणखी लागणार होती. रोह्याच्या कोल्ड रूममधला साठा त्याच आठवड्यात संपलेला. नागोठण्याला भरपूर होता. पेणलाही होता, पण पेण लांब.

“माझा रोह्याचा माणूस बाइकवर नागोठण्याला निघतोय,” शेठ म्हणाले. “नागोठण्याचा माल ठीक हाय ना? मोबाइलवर तर हिरवं दिसतंय.”

 मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते मला कळलं नाही.

“शेठ, हिरवं दिसतंय. पण मला माहीत नाय.”

“म्हणजे?”

“सकाळपासून तिकडून काहीच येत नाय. दिसतंय ते जुनं हाय. माल थंड असेल, नसेलही.”

“अहो, मला हो की नाय सांगा! तिकडं पेशंट पडलाय. चार-दोन तासांनी काय बिघडतं का मालाचं?”

“ते मी नाय सांगू शकत.”

“मग कशाला बसलाय तुम्ही तिकडं?”

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. “शेठ, ती बरोबर बोलतेय. नागोठण्याच्या मालाचा भरवसा मी पण नाय देत. पेणचा माल काढायला सांगा, मी स्वतः घेऊन निघतो आत्ता.” पलीकडून शेठ काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सर नुसते “व्हय, व्हय” करत राहिले.

मला एकटीला ऑफिसात थांबणं शक्यच नव्हतं. पेणच्या कोल्ड रूममधून बर्फाच्या पिशव्या लावलेला थर्मोकोलचा खोका घेतला आणि सरांच्या गाडीत मागच्या सीटवर तो मांडीवर धरून बसले. बर्फाचा गारवा साडीतून मांडीला लागत होता, कपाळावर मात्र घाम.

वडखळपर्यंत रस्ता ठीक होता. पुढे खड्डे आणि पाणी, ट्रकमागे ट्रक.  वायपर आवाज करत होते. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. बाइकवाला माणूस एव्हाना नागोठण्याहून माल घेऊन रोह्याला पोचला असता. आणि तिथला माल चांगला निघाला तर? तर ती बाई खाटेवर जे ताटकळत पडली होती, ते माझ्या एका वाक्यामुळे. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता. भिंतीवर हिरवं होतंच की.

“सर, मी चुकले तर?”

ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “आता खोका नीट धर.”

नागोठण्याला हायवे चालू होता, पण गावाच्या बाजूला सगळं पाणीच पाणी. अंबा नदी पात्र सोडून बाजारात शिरली होती. नुसती घरांची छपरं आणि दुकानांच्या पाट्या दिसत होत्या. वळून गावात जावं असं मनात आलं, पण आधी रोहा. भिसे खिंडीत दरडीचे दगड रस्त्यावर आले होते. कंपनीच्या दोन बस अडकल्या होत्या, धाटावच्या शिफ्टचे कामगार खाली उतरून हातानं दगड बाजूला लोटत होते. सर काच खाली करून ओरडले, “औषध हाय, दवाखान्याचं!” एकानं लगेच पुढे होऊन बाइकवाल्यांना बाजूला केलं आणि आम्हाला वाट करून दिली. त्याचे आभार मानायचेही राहून गेले.

दवाखान्याच्या दारात शेठचा रोह्याचा माणूस रेनकोट घालून उभाच होता. त्यानं खोका घेतला आणि आत पळाला. मी पायरीवर बसले. आत त्या बाईचा नवरा भिंतीला टेकून उभा होता, चिखल गुडघ्यापर्यंत तसाच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माल आणणारी म्हणून तो पाहत असेल की उशीर करणारी म्हणून, असं उगाच मनात आलं. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. सर पुढे होऊन हळूच विचारायला गेले. डॉक्टर म्हणाले, “आधी दिलेल्यावर टिकून आहेत. आता हे चालू केलंय. बघू.” त्या ‘बघू’वरच आम्ही परत निघालो.

परतताना संध्याकाळच्या उजेडात पाणी ओसरू लागलं होतं. नागोठण्यात गुडघाभर पाण्यातून आम्ही कोल्ड रूमपर्यंत गेलो. शटर अर्धं उघडं. जनरेटर पाण्यात बुडालेला. सर्व्हर, वायर, सगळं तपकिरी. मावशी वरच्या पोटमाळ्यावर होत्या, शेजारच्या दोन बायका बरोबर. त्यांनी जमेल तेवढा माल खोक्यांत भरून वर नेला होता, पण बर्फ कुठून आणणार? खोके नुसते रचून ठेवलेले. मला बघताच त्या रडायला लागल्या.

“फोन भिजला गो बाय माझा. कुणाला सांगू? लाइट पहाटंच गेली. मशीन कधी बंद पडलं मला नाय माहीत. पाणी येतंय म्हटल्यावर मी आधी माल बघितला.”

“किती वेळ गरम राहिला असेल, मावशी?”

“काय सांगू बाय? मला खरंच नाय माहीत.”

मी त्यांच्या शेजारी बसले.  त्यांचा हात हातात घेऊन मी नुसती म्हणत राहिले, “असूं दे, असूं दे.” सर खाली उभं राहून शेठना फोनवर सगळं सांगत होते. या वेळी पलीकडून आवाज चढला नाही. त्या कोल्ड रूममधला सगळा माल वापरायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोह्याच्या माणसाचा फोन आला, बाई धोक्याच्या बाहेर आहे. मी डबा उघडला होता तो तसाच झाकला. मग जरा वेळानं परत उघडला आणि जेवले. ती बाई कोण, कुठली, मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि नागोठण्याचा माल खरंच निकामी झाला होता का, तेही कधी कळलं नाही. कदाचित त्यानंही काम झालं असतं. हा विचार अजून मधूनच येतो आणि आला की बराच वेळ जात नाही.

त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही काम केलं नाही. मधल्या सर्व्हरला शिकवलं की प्रत्येक उत्तराबरोबर ते कधीचं आहे हेही बघायचं. उत्तर शिळं झालं की ते ठीक असो वा नसो, धरायचं नाही. चौकोन राखाडी करायचा आणि मेसेज पाठवायचा. मधलाच गप्प झाला तर? म्हणून सरांनी रोह्याच्या सर्व्हरला मधल्यावर लक्ष ठेवायला बसवलं. “आता रोह्याचा गप्प झाला तर?” असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

शेठना राखाडी रंग आवडला नाही. “हे काय मध्येच? मला हो की नाय समजलं पाहिजे,” ते ऑफिसात येऊन म्हणाले.

“शेठ, ज्याचं समजतंय त्याचं हो-नाय दाखवतो,” सर म्हणाले. “ज्याचं नाय समजत, ते राखाडी.”

“गिऱ्हाइकाला काय सांगू मग?”

“माहीत नाय, म्हणून सांगा. आणि माणूस पाठवा बघायला.”

त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं. “राहू दे,” म्हणाले आणि खाली उतरून गेले.

धडधडीसाठी मी पुढे पेणमध्येच एका डॉक्टरांना दाखवलं. ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली. ते म्हणाले, “हृदय ठीक आहे, झोप कमी आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा.” मी आता फोन स्वयंपाकघरात ठेवते. पूर्वीसारखं दर थोड्या वेळानं उठून बघत नाही. एखादा चौकोन राखाडी झाला की अजूनही छातीत होतं, पण ते मला कामाला लावण्यापुरतंच असतं: उठायचं, फोन लावायचा, विचारायचं. हिरव्याकडे बघत बसून जे व्हायचं ते वेगळं होतं.

मावशींना शेठनी नवीन फोन दिला आणि कोल्ड रूम पोटमाळ्याच्या उंचीवर नेली. त्यांच्याकडची लाइट गेली की आता त्या स्वतःच मला फोन करतात, स्क्रीनवर काही दिसायच्या आधी. कालही आला होता. “गेली गो लाइट. जनरेटर लागलाय. तू जेवलीस का?”

“नाय मावशी, जेवतेय आता,” मी म्हटलं, आणि खरंच जेवायला बसले.